कंदीलवाल्यांची बाई

"ही कोण घेत न्हाई बघ," रसूलभाई म्हणाले आणि त्यांनी ती मोठी रेकॉर्ड माझ्यापुढं सरकवली. "वर चित्रात एक माणूस तरी हाय का? नुसते बाजे!"

खरंच नव्हता. फुटपाथवर ट्रंपेट, सॅक्सोफोन, दोन ड्रम असा सगळा पसारा मांडलेला, आणि वाजवणारी माणसं जणू चहा प्यायला गेलेली. माझी नजर मात्र त्या ट्रंपेटवरून हलेना. रसूलभाईंचं जुन्या सामानाचं दुकान मिरज स्टेशनजवळ होतं. कुणी अमेरिकन डॉक्टर मायदेशी परत गेला होता आणि त्याच्या घरातलं सामान तिथं येऊन पडलं होतं. मी गेले होते आईसाठी कढई बघायला. कढई राहिली बाजूला.

"काय लिवलंय वर?" मी विचारलं. मला इंग्रजी अक्षरं लागायची, पण अर्थाच्या नावानं बोंब.

"लँटर्न्स. म्हंजे कंदील," रसूलभाई चष्मा वर करून म्हणाले. "ह्या कंदीलवाल्यांची गाणी लई गाजली म्हणं, डॉक्टरसाहेबांचा डायवर सांगत हुता. पर ही ती न्हवं. ह्या रेकॉर्डात गाणंच न्हाई, नुसती वाजवणूक. ने जा कढईबरोबर."

ही गोष्ट ब्याऐंशी सालची. मी शालन, तेव्हा एकोणीस वर्षांची. आमचे आप्पा म्हणजे जावीर मास्तर. सतरा गड्यांचा ब्रास बँड चालवायचे आणि पुढं उभं राहून स्वतः क्लॅरनेट वाजवायचे. वरात असो, जत्रा असो, जावीर बँड म्हटलं की लोक घराबाहेर येऊन उभे राहायचे. आणि मी? मी बाराव्या वर्षापासून ट्रंपेट वाजवत होते, पण कुठं? घरामागच्या तालमीच्या खोलीत, दार लावून. मला शिकवलं दगडूमामानं, आईच्या धाकट्या भावानं. आप्पांच्या बँडातला पहिला ट्रंपेट त्याचा. माझं वाजवणं आप्पांना आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण बँडात घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"वरातीत लोक दारू पिऊन नाचत्यात. त्यांच्या म्होरं माझी पोरगी उभी राहणार न्हाई. विषय संपला."

ते विषय संपवायचे आणि मी पुढच्या महिन्यात तोच विषय पुन्हा काढायची. मीही त्यांचीच पोरगी.

आणि नेमकं त्याच आठवड्यात दगडूमामाचे पुढचे दोन दात काढावे लागले. ट्रंपेट वाजवणाऱ्याचे दात गेले म्हणजे संपलंच की! ओठ टेकायला आधार नाही. मामा फुंकायचा आणि नुसता वारा यायचा. शिरगुंडीच्या जत्रेतली बँड स्पर्धा बारा दिवसांवर आलेली. तीन वर्षं तिथली ढाल तासगावच्या बाळू गुळीगनं नेली होती, आणि जाताना दर वर्षी तो आप्पांना म्हणायचा, "पुढच्या साली या हं मास्तर, घाई न्हाई." अस्सा राग यायचा!

म्हणजे आप्पांना दोन गोष्टी पाहिजे होत्या. कुणीच वाजवली नाही अशी चाल आणि एक ट्रंपेटवाला. पहिली माझ्या काखेत होती आणि दुसरी मी स्वतः होते. पण हे त्यांना पटवायचं कसं?

तालमीच्या खोलीतला रेकॉर्ड-प्लेअर इस्माईलचाचांच्या ताब्यात असायचा. चाचा साइड ड्रम वाजवायचे. प्लेअरला दुसऱ्या कुणी हात लावला की अंगावरच यायचे. सिनेमाच्या गाण्यांच्या बशीएवढ्या छोट्या रेकॉर्डी त्यावर लागायच्या. आप्पा एकेक तुकडा ऐकायचे, तोंडानं गाऊन ज्याचा त्याला वाटून द्यायचे, आणि ज्यानं त्यानं तो घोकून घोकून बसवायचा. कागदावरचं नोटेशन आमच्यात कुणाला येत नव्हतं. रेकॉर्ड हाच गुरू. आप्पांचं वाक्य खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं, "रेकॉर्डात हाय ते हाय, न्हाई ते न्हाई. आपली अक्कल घरी ठिवायची."

"एवढी मोठी परात कुठनं आणलीस?" चाचांनी रेकॉर्ड उलटसुलट बघितली आणि लावली.

सुई टेकली आणि काय सांगू! तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे ट्रंपेट फुटायला लागले. खाली ड्रम नुसता पळतोय, त्याच्या पुढं बेस पळतोय, आणि मधेच सगळे एकदम थांबतात, आपण श्वास घेतो न घेतो तोच पुन्हा सुटतात. आमचे गडी भिंतीला टेकून बसलेले, ते सरळ झाले. कुणाचा पाय जागेवर राहीना.

"या अल्ला," चाचा ओरडले, "ह्यांच्या मागं कुत्रं लागलंय का काय!"

आप्पांचे डोळे मिटलेले, बोटं मांडीवर चाललेली. तिसरी चाल लागली आणि त्यांनी डोळे उघडले. ती चाल सगळ्यांत भारी. शेवटाकडं बाजे एकेक करून गप्प होतात, कुणीतरी जोरात हाळी देतं, "हेऽऽय!" आणि पुढं दोन-तीन शब्द, आणि मग एकटा ट्रंपेट वर चढत जातो. वर, अजून वर. आता तुटणार असं वाटतं आणि तो तुटत नाही.

"बाई हाय," इस्माईलचाचा म्हणाले.

"काय?"

"हाळी देणारी. आवाज ऐका की मास्तर. बाई हाय ती."

"परत लाव," आप्पा म्हणाले.

तीनदा लावली. बारीक, टोकदार आवाज. बाईच होती, शंकाच नको. मला आनंदानं नुसतं नाचावंसं वाटत होतं.

"बघितलंत? त्यांच्या बँडात बाई हाय!" मी म्हटलं.

"ती अमेरिकेत हाय. तू मिरजेत हायस," आप्पा म्हणाले. "चाल मातूर हीच घ्यायची. गुळीगच्या बापानं बी ऐकली नसंल."

ट्रंपेटसाठी त्यांनी सांगलीहून मोहन हेगडेला बोलावलं. नावाजलेला गडी, मिशीला पीळ. त्यानं चाल दोनदा ऐकली, ओठ पुसले आणि सुरुवात केली. अर्ध्यापर्यंत झकास आला. शेवटची चढण आली आणि सूर फाटला. पुन्हा केलं, पुन्हा फाटला. चौथ्या वेळी त्याचा चेहरा वांग्यासारखा झाला.

"खालच्या पट्टीत घेऊया मास्तर."

"अजाबात न्हाई. रेकॉर्डात हाय तिथंच."

"मग राहू द्या," हेगडेनं ट्रंपेट पेटीत ठेवला. "हे गड्याचं काम न्हाई. ह्यात कायतरी गोम हाय, सांगून ठेवतो." आणि चहासुद्धा न घेता गेला.

आप्पा म्हणाले, "जाऊ दे. दुसरी चाल बघू."

आता नाही तर कधीच नाही, एवढं मला कळलं. दोन दिवस मी ती चढण गुपचूप घोकत होते, ओठ आतून सोलून निघाले होते. खुंटीवरचा मामाचा ट्रंपेट काढला आणि कुणाला न विचारता सुरुवात केली. पहिल्यांदा फाटला. कुणीतरी हसलं. दुसऱ्यांदा डोळे मिटले, पोटातनं हवा ढकलली आणि चढले. वरचा सूर लागला! लागला आणि टिकला.

"हेगडे खरं बोलला," इस्माईलचाचा सावकाश म्हणाले. "गड्याचं काम न्हाईच हे. अवो, ती हाळी देत्या आन् लगेच ट्रंपेट चढतोय. वाजवणारी तीच असणार. बाईचंच काम हाय ते."

आप्पांनी चाचांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

दारात आई उभी होती, हाताला पीठ. ती कधी तालमीत बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "आता का गप बसलासा? रेकॉर्डात हाय ते हाय, असं तुमीच म्हणता न्हवं? मग त्यांच्यात बाई हाय, तर आपल्यात नको व्हय?"

गड्यांनी माना खाली घातल्या, हसू लपवायला. आप्पांना त्यांच्याच शब्दात धरलं होतं.

"स्पर्धेपुरतं," ते शेवटी म्हणाले. "एकदाच. त्या रेकॉर्डात बाई हाय म्हणून. त्याच्यापुढं नाव काढायचं न्हाई, शाले. कबूल?"

"कबूल!" मी म्हटलं. त्या वेळी त्यांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी कबूल म्हटलं असतं.

पुढचे दहा दिवस मी माणसात नव्हते. सकाळ-संध्याकाळ तालीम. ओठाला साजूक तूप लावायचं आणि पुन्हा ट्रंपेट लावायचा. दगडूमामा समोर बसून बोळक्या तोंडानं ओरडायचा, "वर! अजून वर! ती चढत्या, मग तुला काय धाड भरली?" आणि मीही स्वतःला तेच सांगायची. ती चढते. सातासमुद्रापलीकडं एक बाई आहे, तिला दम लागत नाही, मग मला का लागावा? मी तिचं नावच पाडलं होतं, कंदीलबाई. तिच्याशी मनातल्या मनात बोलायची. तिच्या बापानं तिला कसं सोडलं असेल? ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा लोक हसले असतील का? सूर लागला नाही की मला तिची लाज वाटायची, आणि लागला की वाटायचं, बघ गं, आले मी.

शिरगुंडीला आमचा नंबर दुपारी चारला होता. मैदानात माणूस मावत नव्हता, पोरं झाडावर चढून बसलेली. मी मामाचा कोट चढवून रांगेत उभी राहिले, तशी कुजबूज सुरू झाली. "पोरगी हाय रं!" "जावीर मास्तरला गडी मिळंना व्हय?" एक शिट्टी आली. माझ्या शेजारी आप्पांची मान ताठ झाली, मला दिसलं. बाळू गुळीग त्याच्या गड्यांसोबत पुढंच बसला होता, पानानं तोंड रंगवून.

चाचांनी काड्या वाजवल्या आणि आम्ही सुटलो.

आता तेव्हाचं नीट आठवत नाही, आणि आठवतं तेवढं सांगता येत नाही. एवढं खरं, की पहिल्या मिनिटात शिट्ट्या बंद झाल्या आणि दुसऱ्या मिनिटाला सगळं मैदान टाळ्यांचा ठेका धरून होतं. मग बाजे एकेक गप्प झाले. हाळी मीच दिली, "हेऽऽय!" आणि ट्रंपेट उचलला. चढले. ज्या जागी हेगडे फाटला, ती जागा मागं पडली. त्याच्याही वर गेले आणि तिथं उभी राहिले. खाली माणसं ओरडत होती, टोप्या उडत होत्या. हसत हसत वाजवता येत नाही, नाहीतर मी मोठ्यानं हसले असते, इतकी खूश होते मी!

ढाल त्या वर्षी आम्हालाच मिळाली, पण ती संध्याकाळी. खरं घडलं ते त्याच्या आधी.

परीक्षकांत एक म्हातारे होते, कायतान मास्तर. मूळचे गोव्याचे. मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात तीस वर्षं ट्रंपेट वाजवून बेळगावात येऊन राहिलेले. आम्ही थांबलो आणि ते खुर्ची सोडून थेट आमच्याकडं आले, जवळजवळ धावतच.

"मास्तर, ही लँटर्न्सची चाल ना? ती गायक नसलेली रेकॉर्ड? फुटपाथवर बाजे?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

"देवा!" त्यांनी आप्पांचे दोन्ही हात धरले. "गायक त्यांना सोडून गेला, तेव्हा उरलेल्यांनी केलेली रेकॉर्ड ही. कुणी घेतली नाही, कुणी ऐकली नाही. मी इतकी वर्षं एकेकाला सांगतोय की बाबांनो, ह्यांचं सगळ्यांत चांगलं काम हेच. कुणी ऐकेल तर शपथ! आणि ती मला जत्रेत ऐकायला मिळते? पण मास्तर, हा वेग कुणी केला? एवढ्या वर नेऊन कुणी ठेवली?"

"कुणी म्हंजे?" आप्पा गोंधळले. "रेकॉर्डबरहुकूम हाय. आमी आमचं काय बी घातलेलं न्हाई."

कायतान मास्तरांनी मान हलवली. माझ्या हातातला ट्रंपेट घेतला, त्याचं तोंड पुसलं आणि हळूच वाजवायला लागले. तीच चाल. पण खाली, कितीतरी खाली, आणि संथ. दिवसभराचं काम संपवून कुणी दमलेला माणूस घरी चाललाय अशी. आमच्या गड्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"ही अशी आहे," ते म्हणाले. "तुमचा प्लेअर कुठल्या आकड्यावर आहे?"

इस्माईलचाचांनी जीभ चावली. "पंचेचाळीस. छोट्या रेकॉर्डीचा आकडा त्यो. पोरं सारखं बटण फिरवायची, म्हणून म्या दहा वर्षांमागं लाख वतून बसवलंय त्ये. आमच्यात मोठी रेकॉर्ड येतीया कुठं?"

"आणि मोठी लावायची तेहतीसवर!" म्हातारे टाळी देऊन हसले. "म्हणजे सगळी धावत सुटली, आणि आवाज चढला आभाळात."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. विचारू नये असं वाटत होतं, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"मग ती बाई?" मी म्हटलं.

"कुठली बाई?"

"हाळी देणारी. ट्रंपेटवाली."

"बाई कसली पोरी! तो त्यांचा ड्रमवाला. हा असा जाडजूड गडी, घोगऱ्या आवाजाचा. त्यांच्यात बाई नव्हतीच कधी. आणि ट्रंपेटवाला तो सूर खाली आरामात घेतो. तू घेतलास तिथं तो गेलाच नाही. जगात कुणी ही चाल अशी वाजवलेली नाही, कळतंय का तुला? तू पहिली!"

ते केवढ्या आनंदानं सांगत होते! आणि मला मात्र रडू फुटत होतं. दहा दिवस मी जिच्या मागं मागं चढले ती नव्हतीच. आणि ती नव्हती तर माझंही काही नव्हतं. त्या रेकॉर्डात बाई हाय म्हणून, असं आप्पा म्हणाले होते. म्हणूनच मी उभी होते. मी आप्पांकडं बघायचं टाळलं.

हे सगळं बाळू गुळीगनं ऐकलं होतं. तो पान थुंकून पुढं आला, भोवती त्याचे गडी.

"अरारा मास्तर! म्हंजे बाई न्हवतीच की रेकॉर्डात," तो म्हणाला. "उगंच पोरीला चार गावाम्होरं उभी केलीसा. आता काय सांगणार लोकास्नी?"

त्याचे गडी हसले. आमच्यातला एकही हसला नाही. सगळे आप्पांकडं बघत होते. आप्पा क्लॅरनेट पुसत होते. सावकाश, नेहमीसारखे, फडक्याचं टोक आत घालून. पुसून झालं, फडकं खिशात ठेवलं.

"न्हवती," ते म्हणाले. "त्यांच्यात न्हवती. आमच्यात हाय."

आप्पा गुळीगकडं बघतही नव्हते. ते माझ्याकडं वळले, आणि दर तालमीनंतर गड्यांना सांगायचे तशा आवाजात म्हणाले, "शालन, बुधवारी नांद्र्याला वरात हाय. दोन वाजता निघायचं. तू माझ्या डाव्या हाताला चालायचं. कोण पिऊन अंगावर आलाच, तर माझ्या हातात क्लॅरनेट हाय."

मी भर मैदानात, परीक्षकांच्या समोर, भोकाड पसरून रडले. कायतान मास्तर बिचारे घाबरून विचारायला लागले, आपलं काही चुकलं का म्हणून.

"तुमचं काय न्हाई चुकलं," आप्पा त्यांना म्हणाले. "तिला बोलावणं आलंय कामाचं."